फोटो उघडेनात म्हणून दाजींशी भांडण

ताई, नमस्कार.
मी कोल्हापूरला एका पतसंस्थेत नोकरीला आहे. थोरल्या बहिणीचे यजमान, आमचे दाजी, पुण्याला आयटी कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहेत. मे महिन्यात चुलत भावाचं लग्न झालं. दाजींनी आपल्या महागड्या आयफोनवर काढलेले फोटो, क्वालिटी जाऊ नये म्हणून, घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘डॉक्युमेंट’ करून टाकले. माझ्या लॅपटॉपवर एकही उघडेना. सगळ्यांच्या नावापुढे एचईआयसी, आणि लॅपटॉप म्हणतो, पैसे भरून अमुक घ्या. मी ग्रुपवर लिहिलं की ही ॲपल कंपनी मुद्दाम स्वतःचा फॉरमॅट काढून लोकांना अडकवते. दाजी म्हणाले, हे आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड आहे, तुझा लॅपटॉप बदल. मग मी त्या कंपनीने गोल कोपऱ्यांचंसुद्धा पेटंट घेतल्याची बातमी टाकली. त्यांनी माझ्या फोनच्या कंपनीची बॅटरी पेटल्याची बातमी टाकली. रात्री एक वाजेपर्यंत हेच चाललं. शेवटी मी ‘आधी अभ्यास करून या’ असं लिहिलं आणि दाजी ग्रुपमधून बाहेर पडले. दुसऱ्या दिवशी ताईचा फोन आला, रडत होती. नागपंचमीला माहेरी यायची होती, आता नक्की नाही म्हणते. खरं कोणाचं होतं ते सांगा. आणि अशा विषयांवर भांडण न होता बोलता येतं का, तेही सांगा.
— एक वाचक, कोल्हापूर

नमस्कार.

आधी निकाल सांगून टाकते, म्हणजे बाकीचं निवांत वाचाल. फॉरमॅट त्या कंपनीचा नाही, हे दाजींचं बरोबर. पण स्टँडर्ड आहे म्हणजे तो कुठेही फुकट उघडायलाच हवा, असं त्यांनी धरून चालणं चूक. तुमची अडवणूक झाली, हे तुमचं बरोबर. ती कोणी केली, तिथे तुमचा नेम चुकला. आणि ‘अभ्यास करून या’ हे वाक्य घरच्या जावयाला, तुमच्या आईवडिलांदेखत, लिहायचं नव्हतं. त्याकडे नंतर येते.

एचईआयसीचं प्रकरण असं आहे. फोटो साठवण्याची ही पद्धत एमपेग नावाच्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने बसवली. एमपीथ्री ज्या गटातून आलं तोच हा गट. २०१५ साली पद्धत पक्की झाली, तिला आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेचा क्रमांक आहे, आणि आयफोनमध्ये ती आयओएस ११ या त्याच्या प्रणालीबरोबर २०१७ च्या सप्टेंबरात आली. म्हणजे फाइल कशी बांधायची आणि कशी सोडवायची हे लिहिलेले कागद जाहीर आहेत. कुणीही मिळवावेत, वाचावेत आणि त्याबरहुकूम प्रोग्रॅम लिहावा. गुपित असं काही नाही.

पण त्या फाइलमध्ये चित्र दाबून बसवलेलं असतं ते एचईव्हीसी या तंत्राने, आणि खरा पेच तिथे आहे. एचईव्हीसी २०१३ साली मान्य झालं. त्यावर एकदोन नाही, कितीतरी कंपन्यांची पेटंटं आहेत. त्यांची फी एकत्र गोळा करायला आधी एक गट निघाला, मग दुसरा, आणि २०१७ पर्यंत तिसरा. काही पेटंटवाले या तिन्ही गटांच्या बाहेरच राहिले. म्हणजे प्रोग्रॅम विकणाऱ्याने एका खिडकीवर पैसे भरले तरी दुसऱ्या खिडकीवरून नोटीस यायची टांगती तलवार आहेच. अशा वेळी फुकट कोण देणार? म्हणून मायक्रोसॉफ्टने एचईव्हीसी उलगडणारा तुकडा विंडोजच्या स्टोअरमध्ये वेगळा, अमेरिकेत ९९ सेंटला, ठेवला. तुमच्या लॅपटॉपने जी मागणी केली ती ही. ती मागणी मायक्रोसॉफ्टची होती, फोनवाल्या कंपनीची नव्हे.

गंमत म्हणजे या फीच्या गुंत्याला वैतागून गूगल, ॲमेझॉन, नेटफ्लिक्स, मोझिला, मायक्रोसॉफ्ट आणि आणखी काही जणांनी २०१५ मध्ये एकत्र येऊन, फी न लागणारी दुसरी पद्धत काढायला घेतली. ती २०१८ मध्ये एव्हीवन या नावाने आली. ज्या कंपनीच्या नावाने तुम्ही रात्री एक वाजेपर्यंत खडे फोडत होतात, तीही त्या मंडळींत जाऊन बसली आहे.

आता तुमचं भांडण पुन्हा वाचा. तीन वाद एकाच वेळी चालू होते. फॉरमॅटचे नियम कोणाच्या हातात आहेत, हा पहिला. त्यामागच्या युक्त्यांवर पेटंट कोणाचं, हा दुसरा. वस्तू चांगली की वाईट, हा तिसरा. तुम्ही पहिल्यात मागे पडायला लागलात तशी दुसऱ्यात उडी मारलीत, आणि दाजींनी तिसऱ्यात. या तिन्हींची उत्तरं एकमेकांना बांधलेली नसतात. ही एवढी गोष्ट लक्षात आली तरी निम्मी भांडणं तिथेच मिटतील, म्हणून त्यावर जरा थांबते.

तुमच्यासारखंच एक जुनं प्रकरण जिफचं. ‘गुड मॉर्निंग’ची हलती फुलं येतात ना, तेच जिफ. कॉम्प्युसर्व्ह या अमेरिकन कंपनीने १९८७ मध्ये हा फॉरमॅट काढला आणि सगळ्यांना खुला केला. लोक बिनधास्त वापरू लागले. १९९४ च्या डिसेंबरात कळलं की त्यात चित्र दाबायची जी युक्ती वापरली आहे तिचं पेटंट युनिसिस नावाच्या दुसऱ्याच कंपनीकडे आहे आणि जिफ तयार करणाऱ्या प्रोग्रॅमला फी पडणार. लोक खवळले, पण नुसते खवळले नाहीत. त्यातल्या काहींनी बसून पीएनजी हा नवा फॉरमॅट लिहिला, तो १९९६ मध्ये मान्य झाला, आणि आज तुम्ही लॅपटॉपवर स्क्रीनशॉट काढता तो बहुधा पीएनजीच असतो. अमेरिकेतलं ते पेटंट २००३ च्या जूनमध्ये संपलं.

आणि याच्या अगदी उलटं उदाहरण आपल्याच घरातलं. मी बरीच वर्षं पुण्यात, नारायण पेठेत, डीटीपीची कामं केली. पानं लावायचा प्रोग्रॅम पेजमेकर, आणि त्यावर कुठल्यातरी कंपनीचा मराठी फॉन्ट. तो चालायला संगणकाच्या पाठीमागे डाँगल, म्हणजे किल्लीसारखी एक छोटी डबी, लावावं लागायचं. डाँगल सापडलं नाही की त्या दिवशी काम बंद. प्रत्येक कंपनीने कुठलं अक्षर कुठल्या जागी बसवायचं ते आपल्या मनाने ठरवलेलं. एका फॉन्टात ‘म’ अंडरस्कोअरच्या जागी, तर दुसऱ्यात छोट्या इंग्रजी ‘ई’च्या जागी. सरकारी मानक नव्हतं असं नाही. इस्की नावाचं मानक १९९१ चं, आणि युनिकोड या जगभरच्या लिप्यांच्या सामायिक मानकातही देवनागरी त्याच वर्षी दाखल झाली. पण धंदा चालायचा तो कंपन्यांच्या आपापल्या तक्त्यांवर. त्या काळातल्या एखाद्या दिवाळी अंकाची सीडी आज लावून बघा. फॉन्ट नसेल तर पानभर इंग्रजी अक्षरं, डॉलरच्या खुणा, उलटसुलट कंस. कवितेचं पान कुठलं आणि तेलाची जाहिरात कुठली, ते फक्त ओळींच्या लांबीवरून ओळखायचं. आमच्याकडचे एक ऑपरेटर तसला मजकूर नुसता बघून घडाघडा वाचायचे. बाकीच्यांना ते मंत्रासारखं वाटायचं.

यात पेटंट कुठे आलं? कुठेच नाही. तरी कुलूप पक्कं होतं. आणि दर्जा म्हणाल, तर ती अक्षरं देखणी होती. रफार जागच्या जागी, जोडाक्षरं बांधेसूद. विंडोज २००० बरोबर युनिकोडचा मंगल फॉन्ट आला. तो मी दिवाळी अंकाला लावला असता तर संपादकांनी मला जिन्यावरून खाली ढकललं असतं. शिवाय पेजमेकरला युनिकोड कळायचंच नाही. म्हणून सगळ्या पेठेने बंदिस्त फॉन्ट घेतले, आणि त्या वेळी ते शहाणपणाचंच होतं. बिल नंतर आलं. हजारो पानांचा मजकूर संगणकात आहे, पण त्यातला एक शब्द शोधायचा म्हटलं तर आधी सगळं कन्व्हर्टरमधून काढा आणि मग मुद्रितं तपासा. तेव्हा बंदिस्त म्हणजे भिकार, असं कुणी म्हटलं तर मला हसू येतं. चांगलं चालतंय ना, मग बंदिस्त असलं म्हणून काय झालं, असं कुणी म्हटलं तरी येतं.

‘मुद्दाम’ या तुमच्या आरोपाचंही बोलू. कंपनीच्या मनात काय होतं ते तुम्हाला सिद्ध करता येणार नाही, त्यामुळे तो शब्द वादात आणला की हरणं ठरलेलं. जे दिसतं त्यावर बोला. आयफोनचं लाइटनिंग चार्जिंग २०१२ ते २०२३ कंपनीच्या स्वतःच्या मालकीचं होतं, त्याच्या वायरी बनवायला परवाना लागायचा, आणि युरोपीय संघाने कायदा केल्यावर ते गेलं. हा तुमच्या बाजूचा मुद्दा होता, आणि एचईआयसीपेक्षा कितीतरी मजबूत. पण दाजींनीही मग सांगितलं असतं की २०१२ मध्ये बाकीचे फोन मायक्रो यूएसबीची पिन अंधारात उलटसुलट खुपसत होते तेव्हा ही दोन्ही बाजूंनी बसायची. दोघंही बरोबर! अशा वेळी वाद रंगतो, चिघळत नाही.

आता बातम्यांविषयी. २०१७ च्या मे महिन्यात जगभर मथळे झळकले की एमपीथ्री मेलं. आमच्या ओळखीतल्या एका गृहस्थांनी घाबरून भीमसेन जोशींची सगळी गाणी दुसऱ्या फॉरमॅटमध्ये करायला काढली. प्रत्यक्षात झालं होतं काय? जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेने एमपीथ्रीची लायसन्स देणं २३ एप्रिलपासून बंद केलं होतं. का, तर पेटंटांची मुदत संपली होती. म्हणजे तोवर ज्याला फी लागत होती ते आता सगळ्यांना मोकळं झालं. त्याच निवेदनात संस्थेने हेही सांगितलं होतं की एएसीसारखे नवे प्रकार अधिक सरस आहेत. एएसीमध्ये याच संस्थेचा वाटा आहे, हे मथळे देणाऱ्यांपैकी किती जणांनी पाहिलं कोण जाणे.

तुमची गोल कोपऱ्यांची बातमीही याच पठडीतली. अमेरिकेत वस्तू कशी चालते त्याचं पेटंट वेगळं आणि ती कशी दिसते त्याचं डिझाइन पेटंट वेगळं. आपल्याकडे दुसऱ्या प्रकाराला पेटंट म्हणतच नाहीत, डिझाइन्स ॲक्ट, २००० खाली नोंदणी होते. ॲपल आणि सॅमसंगच्या खटल्यात २०१२ च्या ऑगस्टमध्ये सॅन होजेच्या ज्यूरीने सॅमसंगला सुमारे १०५ कोटी डॉलर भरायला सांगितले. त्यात फोनच्या दर्शनी भागाचं रूप होतं, आयकॉनची मांडणी होती, आणि पडद्यावर बोटांनी करायच्या काही करामतींची पेटंटंही होती. पण टॅबलेटच्या गोल कोपऱ्यांच्या आयताबद्दल त्याच ज्यूरीने सॅमसंगला दोषी धरलं नाही. पुढे खटला सुप्रीम कोर्टापर्यंत जाऊन आला, २०१८ च्या मे महिन्यात दुसऱ्या ज्यूरीने ५३.९ कोटींचा आकडा दिला, आणि महिन्याभरात दोघांनी तडजोड केली. दाजींनी हे सांगितलं असतं तर तुम्हाला गप्प बसावं लागलं असतं. त्यांनी बॅटरीची बातमी टाकली. म्हणजे अभ्यास दोघांचाही राहिला होता.

पेटंटची बातमी आली की आधी नंबर बघायची सवय लावा. ‘अमक्याने पेटंट घेतलं’ या बातम्यांतली बरीचशी पेटंटं नुसते अर्ज असतात. अर्ज साधारण अठरा महिन्यांनी आपोआप जाहीर होतो, मंजूर होवो न होवो. २००१ नंतरच्या अमेरिकन नंबराच्या शेवटी ‘ए१’ असेल तर तो अर्ज, ‘बी१’ किंवा ‘बी२’ असेल तर मंजूर पेटंट. मग कागद उघडून थेट क्लेम्स, म्हणजे नेमका कशावर हक्क सांगितलाय ती कलमं, वाचा, अमेरिकन पेटंटात ते शेवटी असतात. पहिल्या पानावरचा सारांश आणि चित्रं बघून मथळे लिहिले जातात, हक्क मात्र क्लेम्समध्ये जेवढं लिहिलंय तेवढ्यावरच मिळतो, आणि तो बहुधा मथळ्यापेक्षा फार चिंचोळा असतो. तारीखही पाहा. अर्जापासून साधारण वीस वर्षांत पेटंट संपतं. देशही पाहा, कारण पेटंट त्या त्या देशापुरतं असतं, आणि आपल्या पेटंट कायद्याचं कलम ३(के) नुसत्या संगणक प्रोग्रॅमला पेटंट देतच नाही. एवढं पाहायला दहा मिनिटं लागतात. तेवढ्या वेळात बातमी पुढे ढकलायची खुमखुमी बहुतेक वेळा उतरते, हा आणखी एक फायदा.

दर्जाच्या वादाबद्दल फार लिहीत नाही, कारण तो तुम्हा दोघांनाही खेळता आलेला नाही. एका मॉडेलची बॅटरी पेटली म्हणून त्या कंपनीचा तुमच्या खिशातला फोन वाईट ठरत नाही, आणि तुमचा चार वर्षं बिनतक्रार चालला म्हणून तो चांगलाही ठरत नाही. कुठलं मॉडेल, कशाशी तुलना, आणि कशासाठी वापरायचा, हे न सांगता ‘चांगला’ म्हटलं तर ती जाहिरात आणि ‘वाईट’ म्हटलं तर ती शिवी.

आता घरचं. तुम्ही विचारलंय की भांडण न होता बोलता येतं का. येतं, पण त्या ग्रुपवर नाही. तिथे तुमचे आईवडील आहेत, काका आहेत, नव्या नवरीच्या माहेरचेही कुणी असतील. दाजी पुण्याला कितीही मोठे इंजिनिअर असोत, त्या ग्रुपवर ते या घरचे जावई आहेत. जावयाला चारचौघांत ‘अभ्यास करून या’ म्हटल्यावर त्यांनी काय करायचं होतं? हसून सोडलं तर मान गेला, उलट उत्तर दिलं तर सासरी वाकडं बोलले. ते बाहेर पडले, याला मी समजूतदारपणाच म्हणेन. त्यांनीही ‘लॅपटॉप बदल’ असं पतसंस्थेत नोकरी करणाऱ्या मेहुण्याला सहज सांगायला नको होतं. ते तुम्हाला लागलं, हे पत्रात तुम्ही लिहिलेलं नाही, पण त्या वाक्यापाशीच तुमचं अक्षर दाटलंय. तुमचं भांडण फॉरमॅटवरून सुरू झालं आणि त्या वाक्यापासून पैशावर गेलं. तुम्हा दोघांनाही ते कळलं नाही, तुमच्या बहिणीला मात्र बरोबर कळलं.

तेव्हा दाजींना फोन करा. मेसेज नको. फोनवर पेटंटाचा विषय काढू नका, त्यांनी काढला तरी ‘पंचमीला बसून बोलू’ म्हणा. फॉरमॅट स्टँडर्डच आहे, तुमचं बरोबर निघालं, हे मात्र नक्की सांगा. त्यांनी होकार दिला की ॲडमिनला सांगून त्यांना ग्रुपवर परत घ्या आणि तिथे दोन ओळी लिहा: ‘दाजी, फॉरमॅटचं तुमचं बरोबर होतं. मी तसं लिहायला नको होतं, माफ करा.’ अपमान ग्रुपवर झाला, माफीही तिथेच हवी. त्याखाली ‘पण’ लावून पुढचं वाक्य लिहू नका. एव्हीवनची लिंकही टाकू नका. बहिणीला वेगळा फोन करा आणि त्यात दाजींच्या चुका सांगू नका.

पुढे कधी वाद घालायची हुक्की आलीच तर दाजींशी दोघांतच घाला, आणि पहिल्याच वाक्यात सांगा की आज कशावर बोलतोय: मालकीवर, पेटंटवर की दर्जावर. विषय बदलायचा असेल तर आधीचा हरलो असं कबूल करून मगच बदलायचा. दाजी आयटीतले आहेत, त्यांना हा नियम आवडेल असं वाटतं.

राहिले फोटो. दाजींना म्हणावं, सेटिंग्जमध्ये कॅमेरा, त्यात फॉरमॅट्स, तिथे ‘मोस्ट कम्पॅटिबल’ निवडलं की इथून पुढचे फोटो जेपीईजी या जुन्या, सगळीकडे उघडणाऱ्या फॉरमॅटमध्ये निघतील. जागा जास्त खातील, एवढंच. आधीचे आहेत तसेच राहतात. व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट न करता फोटो म्हणून, एचडी निवडून पाठवले तर ते आपोआप जेपीईजी होऊन येतात. तुमच्या लॅपटॉपवर जिंप हा फुकट प्रोग्रॅम घाला, त्यात एचईआयसी उघडतं आणि जेपीईजी करून ठेवता येतं. इंटरनेटवरच्या कुठल्यातरी ‘फ्री कन्व्हर्टर’वर घरच्या लग्नाचे फोटो चढवू नका, नवरीचे दागिने आणि सगळ्यांचे चेहरे अनोळखी माणसाच्या सर्व्हरवर कशाला? आणि जेपीईजी झाल्यावर मूळ एचईआयसी पुसून टाकू नका, रूपांतर करताना थोडा तपशील जातो. मोठा फोटो छापून भिंतीवर लावायचा झाला तर स्टुडिओवाल्याला मूळ फाइल द्या, आणि त्याच्याकडे उघडते का ते आधी विचारून घ्या.